दुसरा ठोका

प्रौढ वयात परकी भाषा शिकावयास जो बसतो, त्याच्या शिक्षकावर एक मोठी जबाबदारी येते आणि ती बहुधा कोणी बोलून दाखवत नाही. लहान मुलाची चूक घरभर कौतुकाने मिरवली जाते. मोठ्या माणसाच्या चुकीवर मात्र त्याची नोकरी, त्याचे घर, क्वचित त्याच्या पोटच्या पोराचा प्राणही टांगलेला असतो. असा मनुष्य वर्गात येतो तो आपले भय पदरात बांधूनच. त्याला शब्द कोणत्या क्रमाने द्यावेत याविषयी जाणत्यांत मतभेद असणे स्वाभाविक आहे. परंतु त्याला कशाची भीती वाटते हे विचारण्याआधीच तो क्रम ठरवून टाकला, तर हातून अपराध घडू शकतो. आणि तो सद्हेतूने घडत असल्यामुळे करणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. ही हकिकत अशा दोन सज्जन शिक्षकांची आणि त्यांच्यामध्ये वाटल्या गेलेल्या एका जोडप्याची आहे. भाषांतर करून बोलणारी यंत्रे यांच्यापैकी कोणाच्याही खिशात नव्हती, हेही आरंभीच सांगितलेले बरे.

सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या मजल्यावर ही शाळा भरत असे. जिना अरुंद होता, आणि रबर व वंगण यांचा वास चढणाऱ्याच्या मागोमाग वरपर्यंत येई. वर एकच लांबट दालन होते. मधोमध प्लायवूडची आडभिंत घालून त्याच्या दोन खोल्या केल्या होत्या. कामावरून सुटलेली परदेशची माणसे दिवेलागणीला तेथे येत, हातपाय धुवून बाकांवर बसत आणि आपल्या मुलांना शोभतील अशी वाक्ये शिकत.

अलीकडच्या खोलीत जे गृहस्थ शिकवीत त्यांना विद्यार्थी आपसांत ठोकेमास्तर म्हणत. त्यांची रीत अशी. आधी ते एक वाक्य म्हणत, वर्ग ते एका सुरात म्हणे. मग त्यातला एक शब्द बदलून, दुसरा बदलून, त्याच साच्यात नवनवी वाक्ये ओतून घेत. शेवटी एकेकाला उभे करून प्रश्न विचारीत आणि हातातली लाकडी पट्टी टेबलावर ठोकीत. एक ठोका पडे, मध्ये श्वासभर जागा राही, मग दुसरा पडे. उत्तर दुसऱ्या ठोक्याच्या आत आले पाहिजे.

"विचार करत बसलात की संपलात," ते सांगत. "कचेरीत खिडकीमागचा माणूस तुमच्यासाठी थांबत नाही. मी स्वतः या गावात परका म्हणून आलो होतो. खिडकीशी उभा राहून शब्द जुळवत होतो, तर माझ्यामागच्याने मला कोपराने बाजूला सारलं. तुम्हाला कुणी सारू नये म्हणून ही पट्टी आहे. चला, पुन्हा!"

पट्टीने त्यांनी कधी कोणाला स्पर्शही केला नाही. पण ठोका ऐकला की विद्यार्थ्यांच्या पोटात खड्डा पडे, आणि तो बुजवण्यासाठी जिभेवर जे तयार असेल ते बाहेर पडे. बहुतेकांच्या जिभेवर एकच वाक्य कायम तयार असे, कारण पहिल्याच दिवशी ते घोटून घेतलेले होते: "नाही, सगळं ठीक आहे, आभारी आहे."

आडभिंतीपलीकडच्या खोलीत शिकवणाऱ्या बाईंना मौनीबाई हे नाव पडले होते. त्या स्वतः बोलत. मौन होते ते विद्यार्थ्यांना. "उठा," असे म्हणून त्या उठत आणि वर्ग उठे. "खिडकी उघडा. पेला उचला. हात मागे घ्या. खाली ठेवा." त्या म्हणत, करून दाखवीत आणि वर्ग ते करी. पुढे नुसते म्हणत आणि वर्ग करी. आपल्याकडून बोलण्याची घाई कोणी करायची नाही, असा दंडक होता. कोणी अडखळत काही बोलू गेला, तर बाई हसून ओठांवर बोट ठेवीत.

"कान भरू द्या आधी," त्या म्हणत. "शब्द पिकला की आपोआप गळून तोंडात येईल. कच्चा तोडायचा नाही."

त्याही अनुभवाने पोळलेल्या होत्या. पूर्वी एका शाळेत वर्ग हसला म्हणून कायमचे तोंड मिटून बसलेले एक आजोबा त्यांनी पाहिले होते. तसे पुन्हा कोणाचे होऊ नये, एवढाच त्यांचा ध्यास होता.

शाळेचे संचालक नेटके, सडपातळ आणि शंकेखोर होते. दोन रीतींपैकी सरस कोणती हे त्यांना एकदाचे ठरवायचे होते. सत्राच्या अखेरीस परीक्षा होणार होती. जी रीत उणी ठरेल ती बंद होणार होती. म्हणून एके दिवशी वेल्डर आणि त्याची बायको नाव घालायला आली, तेव्हा संचालकांचे डोळे लकाकले. एकाच घरातली, एकाच वयाची, एकाच देशाहून आलेली दोन माणसे! याहून चोख तुलना कुठली? त्यांनी नवऱ्याला ठोकेमास्तरांकडे धाडले आणि बायकोला मौनीबाईंकडे. दोघांना काही कळले नाही. त्यांनी मान डोलावली आणि दोन दारांनी दोघे आत गेले.

वेल्डर लोखंडी दरवाजे घडवणाऱ्या कारखान्यात होता. बायको एका धुलाईकेंद्राच्या तळघरात चादरींच्या घड्या घालीत असे. तिच्यासोबतच्या बायका आणखी निराळ्या मुलखांतल्या होत्या. दिवस खाणाखुणांवर निघे. त्यांना पाच वर्षांची एक मुलगी होती. तिला घरात ठकी म्हणत. ठकी बालवर्गात जाऊ लागली होती आणि नव्या भाषेतली दोन गाणी व बरीचशी भांडणे एवढे तिला येऊ लागले होते.

या घरात एक भय वस्तीला होते.

आदल्या वर्षी, आपल्या मुलखात असताना, ठकीला ताप आला होता आणि गावच्या डॉक्टरने एक सुई टोचली होती. सुई बाहेर निघते न निघते तोच पोरीचे ओठ सुजले, चेहरा ओळखू येईना, नखे निळी पडली आणि छातीचा भाता थांबला. डॉक्टर म्हातारा व अनुभवी होता म्हणून ती वाचली. तिला आईच्या मांडीवर परत देताना त्याचे स्वतःचे हात कापत होते. "हे औषध हिला जन्मात पुन्हा द्यायचं नाही," तो म्हणाला होता. "कुठंही जा, कुणीही असो, सुई दिसली की आधी हे सांगायचं. दुसऱ्या वेळी मी तिथं नसेन."

औषधाचे नाव त्याने सांगितले होते. ते त्या मुलखातले, तिथल्या बाटलीवरचे नाव होते. या गावात आल्यावर वेल्डरने ते औषधांच्या दुकानात उच्चारून पाहिले, तर दुकानदाराने खांदे उडवले. म्हणजे नाव निरुपयोगी झाले होते. सांगायची उरली होती ती हकिकत, आणि ती सांगायला भाषा नव्हती, दुभाष्याला द्यायला पैसे नव्हते.

"अहो, तुमच्या मास्तरांना विचारा ना," बायको रोज म्हणे. "एवढं एक वाक्य द्या म्हणावं. बाकी काही नाही शिकवलं तरी चालेल."

"विचारलं गं. मोडकंतोडकं विचारलं."

"मग?"

"म्हणाले, आजारपणाचा धडा शेवटी आहे. आत्ता ‘बाजार’ चालू आहे. क्रम मोडला की पाया कच्चा राहतो म्हणे."

"आणि तोवर पोरीनं आजारी पडायचं नाही, असं तिला सांगू का?"

वेल्डर हसण्याचा प्रयत्न करी. "तू सांगून बघ. तुझं ऐकते ती. मला तर काल म्हणाली, बाबा, तुम्ही गाण्यासारखं बोलता, पण एकच गाणं."

"बरोबरच आहे पोरीचं! समोरचा काय म्हणाला हे ऐकायच्या आधीच तुमचं उत्तर तयार. परवा तो घरमालक विचारत होता, नळ गळतोय का? तुम्ही म्हणालात, सगळं ठीक आहे, आभारी आहे. बादली अजून खाली ठेवलीय."

"आणि तू? तुला सगळं कळतं, तर तू का नाही बोललीस?"

यावर ती नळाखालची बादली ओतायला उठे. कारण हे खरे होते. नव्या भाषेतले बोलणे आता तिच्या कानांत स्वच्छ उतरत असे. बसमध्ये शेजारच्या बायकांचे सासूविषयीचे गाऱ्हाणे तिला अथपासून इतिपर्यंत कळे आणि ती मनातल्या मनात हसे. पण बोलायचे म्हटले की मौनीबाईंचे ओठांवरचे बोट डोळ्यांसमोर येई आणि ती नुसती मान हलवून वेळ निभावून नेई. शब्द पिकला आहे की नाही, हे कसे ओळखायचे? आणि तो पिकण्याआधीच वेळ आली तर?

एकदा तिने धीर केला होता. वर्ग संपल्यावर मौनीबाईंसमोर उभी राहून, वर्गाच्याच रीतीने, मूकपणे, तिने अभिनय करून दाखवला. चिमटीत सुई धरली, दंडावर टोचली आणि कळवळून मान हलवली: नको, नको. बाईंचा चेहरा आनंदाने फुलला. विद्यार्थिनी आपण होऊन खेळात उतरली, असे त्यांना वाटले. त्यांनी लगबगीने कपाट उघडले, सुईदोरा काढला आणि प्रेमाने शिकवले: "दोरा घ्या. सुईत ओवा. गाठ मारा. टोचलं? हळू, हळू."

तिने दोरा ओवला, गाठ मारली. जिना उतरताना तिला रडूही येईना. आडभिंतीपलीकडून ठोके ऐकू येत होते. आपला नवरा आत बाजारात भाजी निवडतो आहे, आपण दोरा ओवतो आहोत आणि त्या दोहोंच्या मधून पोर निसटून जाईल, असे काहीसे तिच्या मनात आले. तिने कठडा घट्ट धरला.

तेव्हापासून तिला ठकीच्या कपाळाला सारखा हात लावून बघायची खोड जडली. पोर वैतागे. "आई, मी तवा आहे का? सारखी काय बघतेस तापलाय का!" आई हसे आणि पुन्हा हात लावी.

आणि एका सुट्टीच्या दिवशी सकाळी तो हात कपाळावर ठेवला तो तिला उचलवेना. कपाळ रखरखत होते. ठकीच्या गळ्याखाली गाठी आल्या होत्या, थुंकीही गिळवत नव्हती. दुपारपर्यंत वाट पाहून दोघांनी तिला शालीत गुंडाळले आणि इस्पितळ गाठले.

इस्पितळाचा बालविभाग स्वच्छ होता, भिंतींवर पिवळी बदके रंगवलेली होती. दारापाशी फरशीवर एक लाल पट्टा आखलेला होता. रुग्णाजवळ एकानेच जायचे, दुसऱ्याने पट्ट्यामागे थांबायचे, असा तेथला नियम. दारावरच्या बाईंनी बोटाने तो दाखवला. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिले.

"मी जाते," ती म्हणाली.

"अगं, पण आत बोलावं लागेल. तू बोलणारेस?"

तिने ठकीभोवतीची शाल आवळली.

"मला निदान तोंड उघडता येतं. मी सांगतो त्यांना. कसंही करून सांगतो."

"आधी ऐका हं," तिने त्याची बाही धरली. "काय विचारतात ते ऐका. घाई करू नका. पाया पडते तुमच्या."

"ऐकतो," तो म्हणाला. ठकीला उचलून त्याने पट्टा ओलांडला.

डॉक्टर तरुण होती, हाताची हळुवार होती. तिने घसा पाहिला, गाठी चाचपल्या, शेजारच्या परिचारिकेला काही सांगितले आणि पुढच्या खाटेकडे गेली. परिचारिका एक तबक घेऊन परतली. तबकात कापूस होता, एक छोटी बाटली होती आणि एक सुई. तबक तिने खाटेशेजारच्या तिवईवर ठेवले, कागद लावलेली पत्र्याची पाटी हातात घेतली आणि वेल्डरकडे वळली.

"हिला याआधी कुठल्या इंजेक्शनचा त्रास झाला होता का? अंगावर सूज, श्वास लागणं, असं काही?"

तिने सरळ, नेहमीच्या वेगाने विचारले. वाईट हेतू तर नव्हताच. उलट हा प्रश्न ती दररोज काळजीने विचारत असे. लाल पट्ट्यामागे उभ्या असलेल्या आईला त्यातला शब्द न् शब्द कळला. ज्या प्रश्नाची ती इतके महिने वाट पाहत होती तो हाच. एवढे सोपे होते ते! कोणीतरी स्वतःहून विचारले होते. आता त्याने फक्त ‘हो’ म्हणायचे होते.

वेल्डरला ‘हिला’ कळले. ‘याआधी’ कळले. उरलेले त्याच्या अंगावरून वाहून गेले. आपण ऐकायचे, घाई करायची नाही, हे त्याला आठवत होते. तो परिचारिकेच्या ओठांकडे पाहत राहिला आणि गेलेले शब्द परत बोलावू लागला. परिचारिका उत्तराची वाट पाहत होती. वाट पाहता पाहता, अगदी सहज, तिने हातातले पेन पत्र्याच्या पाटीवर आपटले.

टक्.

वेल्डरच्या पोटात खड्डा पडला. श्वासभर जागा राहिली, आणि दुसरा ठोका पडण्यापूर्वीच त्याचे तोंड उघडले.

"नाही, सगळं ठीक आहे, आभारी आहे."

वाक्य निर्दोष होते. उच्चारात खोट काढायला जागा नव्हती. परिचारिका हसली, तिने पाटीवर खूण केली आणि सुई उचलली.

भयाचेही एक मौन असते आणि ते शिकवलेल्या मौनाहून फार जुने असते. आईने तोंड उघडले, आवाज आला नाही. तिला आपल्या भाषेत ओरडावेसे वाटले, तर आपली भाषाही सापडेना. परिचारिकेने बाटलीचे झाकण पुसले. ठकीची बाही वर सरकवली. तो दंड! केवढासा तो दंड! आईने ओठांवरचे ते बोट पाहिले, मौनीबाईंचे हसरे डोळे पाहिले. मग ते डोळेही पुसले गेले आणि फक्त सुई उरली.

"थांबा!"

विभागातल्या सगळ्या माना वळल्या. आवाज कोणाचा हे तिला स्वतःलाही क्षणभर कळले नाही. तो मौनीबाईंचा आवाज होता: तोच सूर, तीच धार, तेच शेवटचे स्वच्छ अक्षर.

"थांबा! हात मागे घ्या! सुई खाली ठेवा!"

लाल पट्टा तिने कधी ओलांडला हे कोणी पाहिले नाही. परिचारिकेचा हात, जणू तीही त्याच वर्गात बसली होती अशा तत्परतेने, मागे गेला. सुई तबकात ठेवली गेली. दारावरच्या बाई धावत आल्या. "अहो, एकानेच, एकानेच!"

"मागे व्हा!" आईने त्यांनाही बजावले आणि त्या मागे झाल्या.

डॉक्टर परत आली. "काय झालं? काय म्हणायचंय तुम्हाला?"

आणि येथे तिची शिदोरी संपली. तिला आज्ञा येत होत्या. ज्यात काल काय घडले ते सांगतात, ते बोलणे तिच्या वर्गात अजून सुरूच झाले नव्हते. तिने सुईकडे बोट दाखवले. ठकीच्या दंडाकडे दाखवले. गाल फुगवले, डोळे मिटत आणले, दोन्ही हात गळ्याशी नेले. आणि कोणाला काही समजण्याआधी ती गुडघ्यांवर आली आणि त्या थंड फरशीवर आडवी झाली. हात पसरलेले, डोळे मिटलेले, छाती न हलवता ती पडून राहिली.

ठकी कण्हत म्हणाली, "आई, उठ ना."

वेल्डर बायकोकडे पाहत होता. त्या पडण्यातून त्याला मागचे सारे दिसले: गावचा दवाखाना, निळी नखे, म्हाताऱ्या डॉक्टरचे कापरे हात. आणि मग आपल्याला काय विचारले गेले होते आणि आपण काय उत्तर दिले, हेही एकदम दिसले. त्याने खाटेचा गज धरला.

"मागच्या वर्षी," तो म्हणाला आणि थांबला. हा साचा त्याला येत होता. मागच्या वर्षी माझ्या भावाने मला घड्याळ दिले. वर्गात हे त्याने शंभरदा म्हटले होते. भावाच्या जागी मामा, घड्याळाच्या जागी छत्री. त्याने एकेक शब्द काढून बाजूला ठेवला, एकेक नवा बसवला. लोखंडाचे दोन तुकडे जोडताना जसा तो घाई करत नसे, तशीच आता त्याने केली नाही. "मागच्या वर्षी... डॉक्टरांनी... माझ्या मुलीला... सुई दिली." दीर्घ श्वास. "तोंड... मोठं. श्वास... नाही. मुलगी... जवळजवळ... नाही."

डॉक्टरने तबकातली बाटली उचलून आपल्या खिशात घातली, जणू ती दृष्टीआड होणेच आधी आवश्यक होते. मग ती खाली वाकली आणि फरशीवर पडलेल्या आईचा हात धरून तिला उठवले.

"कळलं मला," ती सावकाश म्हणाली. "हे औषध नाही देत. दुसरं देते. तोंडानं घ्यायचं. आणि मी इथेच थांबते."

परिचारिकेने पाटीवरची खूण खोडली. खोडता खोडता कागद फाटला. वेल्डरची नजर पेनावर खिळलेली पाहून तिने ते खिशात ठेवले. पुढे त्या विभागात ते तिच्या हातात फारसे दिसले नाही, असे म्हणतात.

ठकी बरी झाली ती संथपणे, चिडचिड करत, पेज मागत. पण भय एकदा घरात राहून गेले की त्याचा वास लगेच जात नाही. वेल्डर रात्रंदिवस एकच बोलत राहिला: "मी ‘ठीक आहे’ म्हणालो गं. पोरीच्या मरणावर सही केली मी, आणि वर आभार मानले."

"पुरे आता," बायको म्हणे. "नंतरचं तुम्हीच सांगितलंत ना? मी नुसती फरशी पुसून घेतली लुगड्यानं."

तो हसे आणि हसता हसता त्याचे डोळे भरून येत.

परीक्षेचा दिवस उजाडला. ही हकिकत तोवर, शाळेचा पत्ता विचारून घेतलेल्या डॉक्टरकडून, संचालकांच्या कानी गेली होती, आणि त्यांनी दोन्ही शिक्षकांना एकाच खोलीत बसवले होते. दोघेही उतरलेल्या चेहऱ्यांनी बसले होते. वेल्डरला उभे केले. सवयीने ठोकेमास्तरांनी प्रश्न विचारला, काहीसा साधाच, बाजारातला. आणि पट्टी ठोकली.

वेल्डर तसाच उभा राहिला. ठोका त्याने ऐकला. पण त्याने तोंड मिटून ठेवले. तो मास्तरांच्या डोळ्यांत पाहत होता आणि प्रश्न मनात उलटसुलट करून बघत होता. श्वासभर जागा सरली. पट्टी वर उचललेली होती. ती तेथेच राहिली.

"कळलं नाही," वेल्डर शांतपणे म्हणाला. "पुन्हा सांगा."

हे वाक्य कोणत्याच धड्यात नव्हते.

ठोकेमास्तरांनी पट्टी टेबलावर आडवी ठेवली, आवाज होऊ न देता. "सांगतो," ते म्हणाले. "सावकाश सांगतो."

मग बायकोची पाळी आली. मौनीबाई काही विचारणार, तोच तिने हात वर केला.

"बाई, मी आधी बोलते," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता, पण तो तिचा स्वतःचा होता. "ती सुई... शिवणाची नव्हती."

मौनीबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. तिने पुन्हा चिमटीत सुई धरली, दंडावर टोचली, मान हलवली: नको, नको. बाईंचा हात नकळत ओठांकडे गेला; या खेपेस तो स्वतःचेच तोंड झाकण्यासाठी. त्या उठल्या, बाकापाशी येऊन तिच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा, मी ऐकते."

संचालकांनी गुण मांडले. बोलण्यात नवरा वरचढ, समजण्यात बायको वरचढ. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा मांडले, तरी तेच आले. "यावरून काहीच ठरत नाही," ते पुटपुटले, आणि ते खरेच होते. दोन्ही खोल्या चालू राहिल्या. आडभिंतही राहिली. ठोके अधूनमधून अजून पडतात आणि जिन्यात ते ऐकले की वेल्डरची बायको अजून कठडा धरते. एवढे मात्र बदलले की नवा मनुष्य नाव घालायला आला, की शाळेच्या खर्चाने दुभाषा बोलावून दोन्ही शिक्षक त्याला एकत्र बसवतात आणि त्याच्या स्वतःच्या भाषेत एक प्रश्न विचारून घेतात: तुला कोणती गोष्ट सांगता आली नाही तर अनर्थ होईल? ती पहिली शिकवतात. कोणाची ती औषधाची असते, कोणाची परत पाठवले जाण्याची, कोणाची घरातल्या मारहाणीची. क्रम मागाहून येतो.

आणि ठकी? तिला आईने ते वाक्य पाठ करून घेतले. पोर ते गाण्यासारखे म्हणते, उड्या मारत म्हणते, बाहुलीला दटावत म्हणते: "थांबा! मला विचारा! एक सुई मला चालत नाही!" आई दाराशी उभी राहून ऐकते. ऐकताना तिच्या काळजात अजून एक ठोका चुकतो, आणि मग ती पुढे होऊन पोरीच्या कपाळाला हात लावते.

ते कपाळ सदैव गार राहो. ज्यांच्या हातून अजाणता चूक घडली त्यांच्या हातांना स्थैर्य लाभो. परक्या दारी शब्द जुळवत उभ्या असलेल्या प्रत्येकाला, दुसरा ठोका न टाकता वाट पाहणारे कोणीतरी भेटो. शुभं भवतु.